ई-बुकचे फायदे कोणते? मराठी वाचकाने छापील पुस्तक कधी घ्यावे आणि ई-बुक कधी?

ई-बुक म्हणजे मोबाइल, टॅबलेट, संगणक किंवा खास वाचनासाठी बनवलेल्या ई-रीडरवर वाचता येणारे पुस्तक. याची सुरुवात साधारणपणे १९७१ सालापासून मानतात. त्या वर्षी अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला आणि त्यातूनच पुढे ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ हे मोफत ई-ग्रंथालय उभे राहिले. अ‍ॅमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आले. मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके किंडलवर विकायला डिसेंबर २०१६ मध्ये सुरुवात झाली.

ई-बुकचे फायदे मोठे आहेत, पण ते प्रत्येक फाइलमध्ये सारखे मिळत नाहीत. मराठीत तर हा फरक फारच जाणवतो.

जागा, वजन आणि दमट हवा

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली. इथल्या अनेक कुटुंबांचे घर एक-दोन खोल्यांचे आणि नोकरी मुंबईत. अशा घरात पुस्तकांच्या कपाटाला भिंत सापडणे कठीण. शिवाय चार महिने पाऊस आणि एरवीही खाडीकाठची दमट हवा. कपाट बंद राहिले की पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते, कधी वाळवीही लागते.

ई-बुकला यातले काहीच होत नाही. सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या ई-रीडरमध्ये शेकडो पुस्तके मावतात. पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकलने सुमारे ८० मिनिटे लागतात. गर्दीत उभ्याने जाडजूड कादंबरी उघडता येत नाही, पण एका हाताने मोबाइल धरून वाचता येते.

अक्षर हवे तेवढे मोठे

छापील पुस्तकातले अक्षर एकदा छापले की तेवढेच राहते. ई-बुकमध्ये ते मोठे करता येते, दोन ओळींतले अंतर वाढवता येते, पार्श्वभूमी काळी करता येते. चाळिशी लागलेल्या किंवा मोतीबिंदूचा त्रास असलेल्या वाचकासाठी ही साधी सोय वाचन सुटणे आणि चालू राहणे यातला फरक ठरू शकते.

मोबाइलचा पडदा थेट डोळ्यांवर उजेड टाकतो. ई-रीडरचा पडदा वेगळा असतो. त्यात विजेचा भार असलेले काळे आणि पांढरे सूक्ष्म कण असतात. पान बदलताना ते वर-खाली होतात आणि अक्षरे उमटतात. त्यामुळे तो कागदासारखा दिसतो, उन्हातही वाचता येतो आणि अक्षरे टिकवून धरायला त्याला वीज लागत नाही. म्हणून त्याची बॅटरी मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरते.

शब्द शोधण्याची सोय

संदर्भग्रंथांच्या बाबतीत ई-बुक स्पष्टपणे पुढे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अनेक खंडांचा आहे. हे दोन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. शब्द टाइप केला की क्षणात अर्थ समोर येतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे जाडजूड खंड घरी ठेवणे फार थोड्यांना शक्य होते, पण त्यातल्या नोंदी आज मोबाइलवर कोणालाही वाचता येतात.

बाजारात न मिळणारे पुस्तक

छापील आवृत्ती संपली की वाचकाला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रकाशित करत आहे. त्यांना कायम मागणी असते. तरीही छपाई रखडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. यातले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. छापील प्रत कपाटात असावी ही इच्छा त्याने पूर्ण होत नाही, पण वाचन अडत नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकेही अशीच मोफत उतरवून घेता येतात. गावात पुस्तकांचे दुकान नसलेल्या वाचकाला आणि परदेशातल्या मराठी कुटुंबाला याचा सर्वात जास्त उपयोग होतो. टपालखर्च नाही आणि वाट पाहणेही नाही.

दृष्टिहीन वाचकांसाठी

छापील पुस्तक दृष्टिहीन व्यक्तीला स्वतः वाचता येत नाही आणि ब्रेलमध्ये फार थोडी पुस्तके येतात. ई-बुक मात्र मोबाइल मोठ्याने वाचून दाखवू शकतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत तयार करायला परवानगी मिळाली. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय याच वाचकांसाठी सुरू झाले.

फाइल कोणती, हे महत्त्वाचे

मराठीत ‘ई-बुक’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी फाइली म्हणजे पुस्तकाच्या पानांचे फोटो असतात. अशा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षर मोठे केले की पान पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. त्यात शब्द शोधता येत नाही. मोबाइलही ती वाचून दाखवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी ते फक्त चित्र असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनवलेल्या पीडीएफचेही तसेच. डोळ्यांना मराठी दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे टाकले की भलतीच अक्षरे येतात.

म्हणून शक्य असेल तेव्हा युनिकोडमधले ईपब किंवा किंडल आवृत्ती घ्यावी. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसतो. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके अशा स्वरूपात मिळतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ चालते का?

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांसाठी खुली आहेत. महात्मा फुले किंवा ह. ना. आपटे यांची पुस्तके तर त्याआधीच खुली झाली होती.

हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ परवानगीशिवाय पसरवणे मात्र गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छापील पुस्तक उसने दिले तर प्रत एकच राहते. पीडीएफ पुढे पाठवली की एकाच्या हजार प्रती होतात आणि मराठी लेखकाला त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

छापील पुस्तक कुठे सरस?

ई-बुक विकत घेतले तरी बहुतेक वेळा वाचकाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ची विकलेली प्रत वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे त्याचे कारण. पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली, पण कपाटातले पुस्तक असे कोणी नेऊ शकत नाही. छापील पुस्तक मित्राला देता येते, नातवंडांसाठी ठेवता येते आणि वाचून झाल्यावर रद्दीच्या दुकानात विकताही येते.

आकलनाचाही प्रश्न आहे. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचल्यावर जास्त चांगला समजतो, विशेषतः वेळेचे बंधन असेल तेव्हा, असे आढळले. कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही.

मग घ्यावे कोणते?

प्रवासात वाचायच्या कादंबऱ्या, कोश, दुर्मिळ पुस्तके आणि आजी-आजोबांसाठी मोठ्या अक्षरातले पुस्तक हवे असेल तर ई-बुक सोयीचे. परीक्षेचा अभ्यास, लहान मुलांची चित्रांची पुस्तके आणि पुन्हा पुन्हा वाचायची, जपून ठेवायची पुस्तके छापील घेतलेली बरी. ई-बुक विकत घेण्याआधी नमुना पाने मोबाइलवर उघडून अक्षर मोठे होते का आणि एखादा शब्द शोधता येतो का, एवढे तपासावे. दोन्ही जमत नसेल, तर ते पुस्तक कागदावर वाचणेच जास्त सुखाचे.