जर्मन स्थलांतरित, महायुद्धकालीन भारतातील
दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश हिंदुस्थानात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरलेला जर्मन भाषिक समाज. संख्येने तो लहान होता; तथापि त्यात धर्मोपदेशक, व्यापारी, तंत्रज्ञ व प्राच्यविद्यापंडित असे विविध घटक होते. मार्टिन हाउग, गेओर्ग ब्यूलर व फ्रांट्स कीलहॉर्न यांच्या पुणे-मुंबईतील संस्कृत अध्यापनामुळे महाराष्ट्रात जर्मन विद्वत्तेविषयी आदर होता. काही जर्मनांनी भारतीय भाषांतच पत्रकारिता केली. बाझेल मिशनच्या हेर्मान म्योग्लिंग यांनी १८४३ मध्ये काढलेले मंगळूर समाचार हे कन्नड वृत्तपत्र याचे ठळक उदाहरण होय.

पहिले महायुद्ध : ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच या समाजाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पूर्वी बोअर युद्धकैदी ठेवलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांसाठी स्थानबद्धता छावणी उघडण्यात आली. अनेक मिशनरी, स्त्रिया व मुले यांना १९१५–१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने मायदेशी धाडण्यात आले. रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी १९१७ मध्ये छावणीची पाहणी केली.

अमेरिकेत जर्मन समाज मोठा असल्याने संशयाचा रोख त्याच्या वृत्तपत्रांवर वळला. तेथे युद्धापूर्वी सु. ५०० जर्मन नियतकालिके निघत. ६ ऑक्टोबर १९१७ च्या कायद्यान्वये परवाना नसलेल्या परभाषी पत्रांना युद्धविषयक मजकुराचे इंग्रजी भाषांतर टपाल अधिकाऱ्याकडे दाखल करणे बंधनकारक झाले. हा खर्च व लोकक्षोभ यांमुळे अनेक पत्रे बंद पडली. मुंबई सरकारही मराठी व गुजराती वृत्तपत्रांचे इंग्रजी सारांश नियमितपणे करवून घेत असे. राज्यकर्त्यांना न कळणारी भाषा राजनिष्ठेविषयी शंका उत्पन्न करते, हे दोन्हीकडे दिसते.

दुसरे महायुद्ध : १९३३ नंतर भारतातील जर्मन समाज दुभंगला. नाझी पक्षाची येथे शाखा होती व डेअर डॉइचे इन इंडियन (भारतातील जर्मन) हे तिचे पत्र निघे. दुसरीकडे, हिटलरच्या छळामुळे देशत्याग केलेले ज्यू व नाझीविरोधक मुंबईस आले. सप्टेंबर १९३९ मध्ये या दोन्ही गटांतील पुरुषांना अहमदनगरच्या एकाच छावणीत ठेवण्यात आले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हेही तेथे होते. व्यक्तिशः चौकशीनंतर अनेक निर्वासितांची सुटका झाली. पण १९४० मध्ये फ्रान्सच्या पाडावानंतर पुन्हा धरपकड झाली. १९३८ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळविलेले बौद्ध साधक लामा अनागारिक गोविंद यांनाही स्थानबद्धता चुकली नाही. काही कुटुंबांना पुरंदर व सातारा येथे ठेवण्यात आले. १९४१ मध्ये पुरुष स्थानबद्धांना देवळालीमार्गे डेहराडून येथे हलविण्यात आले. तेथे मात्र नाझी व नाझीविरोधक यांचे स्वतंत्र विभाग करावे लागले.

ज्या राजवटीने निर्वासितांना मायदेशातून हाकलले, तिचेच हस्तक म्हणून त्यांच्याकडे येथे पाहिले गेले. जन्मभूमी व भाषा यांवरून निष्ठा ठरविण्याच्या युद्धकालीन धोरणातील हा मूलभूत दोष होता. सुटकेनंतर लँगहॅमर यांनी मुंबईतील तरुण चित्रकारांना दिलेले उत्तेजन आधुनिक भारतीय कलेस उपकारक ठरले.