बेट, डोंगर आणि आगीचा बंब

आगीचा बंब म्हटला की शहरातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे घंटा वाजवीत धावणारी तांबडी गाडी येते. ती वेळेवर आली नाही तर आपण नगरपालिकेस बोल लावतो. परंतु तिने यावे कोणत्या वाटेने, हा प्रश्न आपणांस पडत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या अलीकडील इतिहासात मात्र हाच प्रश्न दोनदा दारुण रूपाने पुढे आला. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिला प्रसंग १९६२ सालचा. ७ जुलै रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असता, अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान जुन्नरच्या डोंगरांत आदळले. सिडनीहून रोमला निघालेले हे विमान बँकॉकहून उडून मुंबईस उतरावयाचे होते. आतील ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने विमान वेळेआधीच खाली आणले, असे चौकशीत निष्पन्न झाले. या मुलखाची चढउतार त्याच्या परिचयाची नव्हती. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती, आणि मध्ये सह्याद्री उभा होता.

विमानतळावर बंब असतात ते अशाच अपघातांसाठी. विमानाचा पातळ पत्रा जळत्या इंधनापुढे फार थोडा वेळ टिकतो. म्हणून धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी बंब तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आज आहे. विमान जितके मोठे तितके बंब अधिक. लहान विमानांस एक पुरतो, अतिप्रचंड विमानांस तीन लागतात. पण हे सारे गणित विमानतळाच्या आसपासचे. पावसाळी रात्री डोंगरमाथ्यावर ते लागू पडत नाही. अर्थात जुन्नरला बंब पोहोचता तरी कोणी वाचले असते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, विमानतळाच्या साधनांची धाव कोठे संपते ते त्या रात्री दिसले.

आता दूरच्या बेटांवरील विमानतळ पाहा. आपल्या लक्षद्वीपात अगत्ती बेटावर १९८८ साली विमानतळ सुरू झाला. चारी बाजूंनी समुद्र. शेजारच्या गावाहून बंब मागवावा तर शेजारचे गावच नाही. म्हणून अशा ठिकाणी साधन लहान का होईना, ते जागेवर असावे लागते, आणि ते चालविणारी माणसेही तेथलीच तयार करावी लागतात. मोठे साधन उशिरा येण्यापेक्षा छोटे साधन वेळेवर असणे श्रेष्ठ, हे बेटाचे शहाणपण होय.

हे शहाणपण आपल्या डोंगरांस लागू आहे काय? दुसरा प्रसंग त्याचे उत्तर देतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. त्या वाटेने गेलेल्या एस. टी.च्या चालकास गावच दिसेना. त्याच्याकडून बातमी बाहेर गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. परंतु अरुंद रस्ता, चिखल आणि न थांबणारा पाऊस यांनी अवजड यंत्रांस अडविले. त्या दिवशी एक माता आणि तिचे तान्हे मूल ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. म्हणजे येथे मिनिटांना आणि तासांना मोल होते. तरी दीडशेहून अधिक माणसे दगावली.

पावसाळ्यात घाटमाथ्याची वाडी हे एक बेटच असते. फरक इतकाच की तिच्या भोवती पाणी नसून दरड आणि चिखल असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तर गाडीरस्ताच नव्हता. मदतीस जाणाऱ्यांस डोंगर पायी चढावा लागला, आणि यंत्रे खालीच राहिली.

माळीणच्या लोकांस पुढे आमडे येथे नवी घरे मिळाली, हे योग्यच झाले. पण सगळा सह्याद्री उठवून दुसरीकडे नेता येणार नाही. तेव्हा बेटांस जो न्याय आपण लावतो तोच डोंगरांस लावावा, असे आमचे मत आहे. अरुंद वाटेने जाणारी लहान गाडी तालुक्याच्या पश्चिम टोकाशी पावसाळ्याआधीच आणून ठेवावी. दोर, फावडी, पहारी, दिवे आणि स्ट्रेचर वाडीतच असावेत. आणि ती हाताळणारे तरुण त्याच वाडीचे असावेत. बाहेरची मदत येईलच, यावीही. परंतु ती येईतो जो काळ जातो त्यात हाताशी जे असेल तेच उपयोगी पडते.