मालदांडीची वंशावळ

उत्क्रांती शिकवायची म्हटली की वर्गात जिराफ येतोच. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. लामार्क, डार्विन, जिराफाची मान, सगळं त्यात आहे आणि ते असायलाच हवं. पण मी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात शिकवत होतो. माझ्यासमोरच्या मुलांनी जिराफ फक्त चित्रात पाहिलेला. त्यांच्या डब्यात मात्र ज्वारीची भाकरी असायची, आणि ती ज्वारी बहुतेक वेळा मालदांडी असायची. ज्या तालुक्यातून ही ज्वारी देशभर गेली, त्याच तालुक्यातल्या पोरांना उत्क्रांती म्हणजे आफ्रिकेतली किंवा गालापागोस बेटांवरची गोष्ट वाटावी, याचं मला फार वाईट वाटे. म्हणून मी धडा ज्वारीपासून सुरू करू लागलो.

डार्विननेही अशीच सुरुवात केली होती. १८५९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण बेटांवरच्या पक्ष्यांवर नाही, माणसाने पाळलेल्या जनावरांवर आणि लावलेल्या पिकांवर आहे. त्यात तो पाळीव कबुतरांवर पानंच्या पानं खर्च करतो. एका वंशातली पिलं सारखी नसतात, त्यांच्यातला फरक पुढच्या पिढीत उतरतो, आणि कोणाला वंश वाढवू द्यायचा हे ठरलं की जात बदलत जाते. एवढ्या तीन गोष्टी मान्य केल्या की बाकी काम वेळ करतो. डार्विनने माणसाच्या निवडीचे दोन प्रकार सांगितले, एक जाणूनबुजून केलेली आणि दुसरी नकळत झालेली. ज्वारीच्या इतिहासात दोन्ही सापडतात, आणि नकळत झालेली कितीतरी जुनी आहे.

ज्वारी आपल्याकडची नव्हे, ती आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खापरांत ज्वारीच्या तुसाचे ठसे सापडले आहेत. मातीची भांडी घडवताना चिखलात तूस कालवत, भांडं भाजलं की तूस जळून जाई आणि ठसा उरे. त्या ठशांत रानटी आणि लागवडीची अशी दोन्ही रूपं एकत्र दिसतात, म्हणजे बदल घडत असतानाचाच तो काळ आहे. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो. झाडाच्या दृष्टीने तेच बरोबर, कारण दाणा मातीत पडला तरच वंश वाढणार. पण कापणीला गेलेल्या माणसाच्या हाती काय लागणार? जे गळालं नाही तेच. ज्या एखाद्या ताटाचा दाणा जनुकातल्या बिघाडामुळे कणसालाच चिकटून राहिला, तोच घरी आला आणि तोच पुढच्या वर्षी पेरला गेला. रानात जो दोष होता तो शेतात गुण ठरला. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ते जनुक शोधलं, तेव्हा त्या एकाच जनुकात तीन वेगवेगळे बदल आढळले. म्हणजे हा प्रकार निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडला असावा. कोणी ठरवून काही केलं नव्हतं. निवड मात्र झाली होती.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आफ्रिकेतली धान्यं भारतात रुजत होती. ज्वारी दख्खनमध्ये आली तेव्हा तिच्यासाठी जमीन जणू तयार होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून झालेली ही काळी माती. मंगळवेढ्याच्या रानात उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. इथे ज्वारी पावसावर येत नाही, पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर येते. वापसा आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी. हस्ताने साथ दिली तर ठीक, नाहीतर पुढे पाण्याचा थेंब नाही. थंडीतलं दहिवर आणि खोलवर मुरलेली ओल, एवढ्यावर फेब्रुवारीत कणीस भरायचं. ज्वारी हे साधू शकते, कारण कमी पाण्यात हवेतला कर्ब पकडण्याची एक खास पद्धत तिच्या पूर्वज गवतांत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच विकसित झाली. मका आणि ऊस तिचेच भाऊबंद. मक्याची आणि तिची वाट सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, ऊस तर नात्याने आणखी जवळचा. आणि नातं ओढत मागे मागे नेलं तर ते आपल्यापर्यंतही पोहोचतं. ज्वारीच्या पेशीतली जनुकं ज्या चार अक्षरांत लिहिलेली आहेत, त्याच चार अक्षरांत भाकरी खाणाराचीही लिहिलेली आहेत. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांपासून ही लिपी अखंड चालत आली आहे.

आता खळ्यावर येऊ. मळणीच्या आधी कणसांचा ढीग पडलेला असे, आणि माझी आज्जी त्या ढिगाशी बसून एकेक कणीस हातात घेई. दाणा टपोरा हवा, पांढरा हवा, कणीस बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेलं हवं, काणीचा काळा भुगा कुठे नको. नख लावून दाणा फोडून बघे. पसंत पडलेली कणसं वेगळी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगली जात, म्हणजे धुरामुळे कीड लागत नसे. पुढच्या पेरणीला तेच बी. घरोघरी हे काम बायकांचंच होतं, कारण भाकरी थापणारीला माहीत असे की कुठल्या रानातल्या ज्वारीच्या पिठाला चिकी आहे आणि कुठली भाकरी तव्यावर टाकताना कडेला चिरते. ताटाचा निकाल दावणीला लागे. कडबा जनावरांनी आवडीने खाल्ला तर ती ज्वारी चांगली. गुळभेंडीसारख्या हुरड्याच्या ज्वारीच्या दोन-चार ओळी बांधाकडेला वेगळ्या असत, लाह्यांची ज्वारी आणखी वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक खळ्यावर हे चाललं. पीक-सुधारणेच्या इतिहासात या बायकांचं नाव कुठे नाही, आणि ते असायला हवं, असं मी आग्रहाने म्हणतो.

प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते, हेही ज्वारी शिकवते. आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी लालसर, तुरट ज्वारी लावतात. तिच्यातल्या टॅनिनमुळे पाखरं दाण्याला कमी तोंड लावतात. आपण पांढऱ्या, गोड भाकरीसाठी तो तुरटपणा काढून टाकला आणि पाखरांना आमंत्रण दिलं. मग रानात माळा आला, गोफण आली, आणि पाखरं राखायला शाळा बुडवून गेलेली पोरंही आली. माझ्या वर्गातली ज्वारीच्या हंगामातली गैरहजेरी अशी उत्क्रांतीशी जोडलेली होती.

माणूस निवडत होता तसा निसर्गही निवडत होता. कोवळ्या रोपाचा पोंगा खोडमाशी मारते, दाणा भरताना ओल आटली की खडखड्याने ताट पोकळ होऊन लोळतं. ज्या झाडाला हे सोसलं नाही त्याचं बी उरलं नाही. १८७६ ते ७८ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांनी सोलापूर जिल्ह्याला फार सोसायला लावलं. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी खुली केली, ही कथा इथे घरोघरी सांगतात. माणसं मरत होती त्या वर्षांत जे थोडं पीक उभं राहिलं, त्याचंच बी पुढे गेलं.

या सगळ्या तयारीवर मोहोळच्या शेती संशोधन केंद्राचं काम उभं राहिलं. १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले होते. १९०३ साली डेन्मार्कच्या योहानसेनने घेवड्यावर दाखवून दिलं की स्वपरागित झाडाची संतती वेगळी वाढवली तर एकजिनसी वाण हाती येतो. ज्वारीत बहुतांश परागीभवन त्याच कणसात होतं, त्यामुळे हा मार्ग तिला लागू पडत होता. शेतकऱ्यांच्या रानातली मालदांडी म्हणजे एक वाण नव्हता, थोड्याथोड्या फरकांची गर्दी होती. एकेका कणसाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, ओळी शेजारीशेजारी ठेवून पारखायच्या, चांगल्या ठेवायच्या, बाकी सोडायच्या, अशी ही पद्धत. तिच्यातूनच १९३० च्या दशकात मोहोळला मालदांडी ३५-१ निघाली. ही जाणूनबुजून केलेली निवड. पण निवडायला जे वैविध्य लागतं ते खळ्यांवरून आलेलं होतं. प्रयोगशाळेने त्यात नवं काही घातलं नाही.

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. खरिपात संकरित ज्वारीने उत्पन्न वाढवलं, हे मान्यच केलं पाहिजे. त्याच सुमाराला रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे, आणि त्या पिढीच्या तोंडात तिची चव अजून कडवट आहे. रब्बीत मात्र मालदांडीला अनेक दशकं कोणी हटवू शकलं नाही. बुटक्या संकरित ज्वारीचा कडबा पुरत नव्हता, दाणा भाकरीला पसंत पडत नव्हता, आणि कोरड्या थंडीत तिचा टिकाव लागत नव्हता. इतक्या शतकांत जे गुण एकत्र आले, ते दहा वर्षांत दुसऱ्या झाडात कुठून येणार?

२०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढचे वाण काढले, आणि शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे आहे. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा आणि फुले रेवती. एका मुळातून फांद्या फुटून प्रत्येकीने आपली जागा धरायची, हे डार्विनने त्या ग्रंथातल्या एकमेव आकृतीत काढून दाखवलं होतं.

मला काळजी आहे ती खळ्याची. मळणीयंत्र रानातच येतं, कणसं सरळ त्यात जातात आणि बी पिशवीतून येतं. उजनी धरणाचं पाणी पोहोचलं तिथे ज्वारीच्या जागी तिचा भाऊ ऊस उभा आहे. देशी ज्वारीचं बी पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत थंडीत सुरक्षित आहे, आणि ती फार मोठी सोय आहे. पण थंडीत ठेवलेलं बी बदलत नाही. यंदाचा हस्त कसा गेला, खोडमाशी किती आली, ऑक्टोबर किती तापला, हे त्याला कळत नाही. त्यासाठी ते दर वर्षी रानात पडायला हवं. म्हणून माझं शाळांना सांगणं असतं, आवारात दोन वाफे ज्वारी लावा. बी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून मागून आणा, कणसं मुलांकडून निवडून घ्या, निवडीचं कारण वहीत लिहायला लावा आणि तेच बी पुढच्या दहावीच्या हाती द्या.