पक्कड म्हणजे काय? तिचे प्रकार किती आणि कोणती कशाला वापरायची?

राउटरची केबल ओढायची असो, फॅनचा रेग्युलेटर बदलायचा असो की सायकलची ब्रेक वायर कापायची असो, ड्रॉवरमधून सगळ्यात आधी बाहेर येते ती पक्कड. बहुतेक घरांत ती एकच असते आणि तिच्याकडूनच सगळी कामं करून घेतली जातात. नट खोलणं, खिळा उपटणं, वेळ पडली तर हातोडीचं कामसुद्धा! हार्डवेअरच्या दुकानात मात्र भिंतीवर पंधरा-वीस तऱ्हेच्या पक्कडी टांगलेल्या दिसतात. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपासून मला या हत्यारांची आवड आहे. तर या सगळ्यांत नेमका फरक काय, आणि मुख्य म्हणजे विजेच्या कामाला कोणती हातात धरायची, ते बघूया.

पक्कड काम कशी करते?

शाळेतली पहिल्या प्रकारची तरफ आठवते का? टेकू मध्ये, एका बाजूला बल, दुसऱ्या बाजूला भार. पक्कड म्हणजे अशा दोन तरफा एकाच रिव्हेटवर जोडलेल्या.

आता थोडं गणित. समजा ८ इंची पक्कड आहे. तुमचा हात रिव्हेटपासून साधारण १२ सेंमीवर आहे आणि जबड्याचं टोक ४ सेंमीवर. १२ भागिले ४ म्हणजे ३. हाताने २० किलोचा जोर लावला तर टोकाशी ६० किलोचा मिळतो. कटरची धार मात्र रिव्हेटला चिकटून असते. ते अंतर १.५ सेंमी धरलं तर जोर ८ पट, म्हणजे १६० किलो. (घर्षण सोडून दिलंय.) म्हणून वायर कापताना ती जितकी आत, रिव्हेटजवळ सरकवाल तितकी सहज तुटते. टोकाशी धरून दोन्ही हातांनी दाबत बसणारे लोक उगाच घाम गाळतात.

आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी हीसुद्धा याच कुळातली. काही घरांत तिलाही पक्कडच म्हणतात. सांडशी हा शब्द संस्कृत ‘संदंश’वरून आला. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या यंत्रांमध्ये संदंशयंत्रं आहेतच, शिवाय मधे खिळ्याने जोडलेली २४ स्वस्तिकयंत्रंही सांगितली आहेत. त्यांची नावं तोंडाच्या आकारावरून पडलेली: सिंहमुख, काकमुख, कंक नावाच्या पक्ष्यावरून कंकमुख. मला हे वर्गीकरण फार पटतं, कारण आजही पक्कडीचा प्रकार ठरतो तो तिच्या तोंडावरूनच.

कॉम्बिनेशन प्लायर

आपण ज्याला नुसतं ‘पक्कड’ म्हणतो ती हीच. तिच्या तोंडात तीन हत्यारं असतात. पुढे चपटे, दातेरी जबडे, पकडायला आणि पिळायला. त्यामागे गोलसर दातेरी खाच, नळीसारख्या गोल वस्तूंसाठी. आणि रिव्हेटजवळ कटर. काही पक्कडींना सांध्याच्या बाहेरच्या बाजूला एक छोटी खाचही असते. ती डिझाइन नाही बरं का, तीही तार तोडायलाच असते.

अमेरिकेत हिची जाडजूड बहीण ‘लाइनमन प्लायर’ म्हणून ओळखली जाते, तारेच्या खांबांवर काम करणाऱ्यांची. क्लाइन टूल्स ही कंपनी आपल्या सुरुवातीची गोष्टच अशी सांगते: १८५७ साली शिकागोमध्ये एक टेलिग्राफ लाइनमन अर्धी मोडलेली पक्कड घेऊन मथायस क्लाइन या लोहाराकडे आला. क्लाइनने तो अर्धा भाग नवा घडवून दिला. काही काळाने दुसरा अर्धा मोडला, तोही क्लाइननेच बनवला. झाली कंपनी सुरू!

नोज प्लायर आणि कटर

लांब निमुळत्या तोंडाचा तो नोज प्लायर. स्विचबोर्डच्या कोपऱ्यात पडलेला स्क्रू काढायला किंवा वायरचं टोक गोल वळवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण वरचं गणित इथे उलटं फिरतं. तोंड लांब, म्हणजे टोकाशी जोर कमी. जाड तार पिळायला गेलात तर तारेऐवजी टोकंच वाकतील.

साइड कटर फक्त कापतो. त्याचाच छोटा भाऊ फ्लश कटर. याच्या धारेची एक बाजू सपाट असते, त्यामुळे सर्किट बोर्डवरचे सोल्डर केलेले पाय अगदी तळाशी कापता येतात. केबल टाय कापायलाही हाच वापरावा, नाहीतर उरलेलं टोक हात ओरबाडतं. मात्र फ्लश कटर मऊ तांब्यासाठी आहे. त्याने सायकलची स्टीलची तार कापली की धारेला दाते पडलेच म्हणून समजा.

वायर सोलायला स्ट्रिपर आणि इंटरनेट केबलला प्लग बसवायला क्रिम्पिंग टूल, हीसुद्धा याच घराण्यातली. क्रिम्पिंग टूल एका दाबात आठही तारांवर प्लगच्या पट्ट्या रुतवतं. हे काम साध्या पक्कडीने करायच्या भानगडीत पडू नका, आठही पट्ट्या सारख्या दाबल्या जात नाहीत.

पाइप, नट आणि लॉक

वॉटर पंप प्लायरचं तोंड खाचा सरकवून लहान-मोठं करता येतं, आणि मोठं केलं तरी जबडे साधारण समांतर राहतात. बेसिनखालच्या जाड नटांसाठी तो बेस्ट.

लॉकिंग प्लायरची करामत वेगळी. दाबला की तो त्याच जागी अडकून बसतो आणि हात मोकळा होतो. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये लोहारकाम करणाऱ्या विल्यम पीटरसन या मूळच्या डॅनिश माणसाने १९२४ साली याचं पेटंट घेतलं. ‘व्हाइस ग्रिप’ हे नाव तिथूनच आलं.

सर्क्लिप प्लायर बहुतेकांना घरी लागणार नाही. फक्त एवढंच की त्याच्या दोन जाती एकमेकींच्या उलट वागतात. एकीचे दांडे दाबले की टोकं मिटतात, दुसरीचे दाबले की उघडतात.

आणि नट? साधी पक्कड त्यासाठी नाहीच. तिचे जबडे तिरके उघडतात, सपाट बाजूंवर नीट बसत नाहीत आणि घसरून नटचे कोपरे गोल करतात. मग पानासुद्धा लागत नाही.

प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे!

हा भाग जरा नीट वाचा. मुठीवर लाल-पिवळं प्लास्टिक दिसलं की ‘करंट लागत नाही’ असं आपण धरून चालतो. बऱ्याच पक्कडींवरचं ते आवरण फक्त हात घसरू नये म्हणून असतं. चालू वीजप्रवाहावर वापरण्याच्या हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अशा पक्कडीवर एकमेकांवर चढलेले दोन त्रिकोण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि प्रत्येक नग १०,००० व्होल्टवर तपासलेला असावा लागतो. ही खूण नसेल तर विजेच्या दृष्टीने ती मूठ उघडीच समजा. खूण असूनही आवरणाला चीर गेली असेल तरी तेच. आपल्या घरातले २३० व्होल्ट जीव घ्यायला पुरेसे आहेत.

त्यामुळे पक्कड कुठलीही असो, आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर लावून खात्री. आणि फेज व न्यूट्रल एकाच वेळी कटरमध्ये कधीच घेऊ नका. लाइन चालू राहिली असेल तर दोन्ही तारा धारेतून जोडल्या जातात, मोठी ठिणगी उडते आणि धारेत खड्डा पडतो.

एक मोबाइलवाल्यांसाठी: फुगलेली बॅटरी पक्कडीने ओढून काढू नका. लिथियम-आयन बॅटरीला टोक रुतलं तर ती आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते.

घ्यायची कोणती?

माझ्या मते ८ इंची कॉम्बिनेशन, ६ इंची नोज प्लायर आणि एक साइड कटर, बस. ब्रँडच्या मागे फार लागू नका. आपल्याकडे टपारियाचा माल सगळीकडे मिळतो, त्यांचा कारखाना नाशिकच्या सातपूरचा. पण कुठलीही घ्या, दुकानातच तपासा. मूठ हलवून बघा, सांधा बाजूला डुगडुगता कामा नये. मग पक्कड पूर्ण मिटून उजेडासमोर धरा. कटरच्या दोन धारांमधून प्रकाशाची रेघ दिसली तर ती परत ठेवा आणि दुसरा नग मागा.