माहेरची वाट

शिरपुराची बोली अहिराणी, तर तापीपलीकडच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना लेवा बोलीचें वळण. परंतु जात्यावर आठवलेलें माहेर दोहींकडे एकच. बहिणाबाई १८८० सालीं असोद्यास जन्मल्या. सासर जळगांवीं, दीड-दोन कोसांवर. एवढ्याशा वाटेची ओढ त्यांच्या ओवींत केवढी म्हणून सांगावी! त्यांस अक्षरओळख नव्हती. चिरंजीव सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनीं टिपून ठेविलीं, तेवढींच गाणीं वांचलीं. उरलेलीं पिठाबरोबर गेलीं म्हणावयाचें. १९५१ च्या डिसेंबरांत बाई निवर्तल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालें १९५२ मध्यें. ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटानें त्यांचे शब्द घरोघर नेले, तेव्हां त्यांस जाऊन दहा वर्षें लोटलीं होतीं.