चामडं, अ‍ॅस्बेस्टॉस, तांबं

डोंगरी सायकलचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली की दुकानदार आधी विचारतो, रेझिन देऊ की मेटल? दोन्ही पाकिटांतली वस्तू वरवर सारखीच दिसते. धातूची पातळ पट्टी आणि तिच्यावर टपाल तिकिटापेक्षाही लहान, दोनेक मिलिमीटर जाडीचा थर; एकात काळपट, दुसऱ्यात पितळी झाक असलेला. लिव्हर, तेल, पिस्टन ही ब्रेकमधली सगळी यंत्रणा या थराला डिस्कवर दाबण्यासाठी असते. सायकल थांबते ती थर डिस्कवर घासतो म्हणून. हा थर कशाचा असावा, यावर सव्वाशेहून अधिक वर्षं माणसं डोकं लढवत आली आहेत, आणि त्या शोधाची किंमत मोजणाऱ्यांत डोंगरी सायकल कधी पाहिलीही नसेल अशी माणसं आहेत. त्यांत मुंबईतले कारखाना कामगारही आहेत.

सुरुवात चांभाराच्या ऐरणीपासून करायला हरकत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा बाउशलोट नावाच्या गावात त्यांनी एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ठोकळा आणि त्यावर बदलता येणारा झिजता थर ही विभागणी पुढे कायम राहिली. मोटारींच्या इतिहासात ब्रेक लायनरचा पहिला मान बर्था बेंझ यांना दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी जवळपास हेच पाहिलं, पण घोडागाड्यांवर. तिथल्या उतरणींवर गाडीवाले ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याखाली जुने बूट अडकवत, म्हणजे पकड वाढे. फ्रूड यांनी १८९७ पासून या एकाच प्रश्नाला वाहून घेतलं. कापसाच्या जाड विणलेल्या पट्ट्या राळेसारख्या पदार्थांत भिजवून त्यांनी टिकाऊ अस्तर तयार केलं, आणि चॅपल-एन-ली-फ्रिथ या गावी ‘फेरोडो’ची गिरणी उभी राहिली. घोडागाडीला हे अस्तर पुरेसं होतं. मोटारी मात्र वेगाने धावू लागल्या, आणि कापूस जळू लागला.

ब्रेकचं मूळ काम गतीची उष्णता करणं हे आहे, त्यामुळे ती उष्णता सोसणारा पदार्थ ज्याच्या हाती तो बाजार जिंकणार, हे उघड होतं. १९०८ च्या सुमारास फ्रूड यांना तो पदार्थ सापडला. अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच, पण त्याचे तंतू निघतात. सुतासारखे कातता येतात, कापडासारखे विणता येतात आणि ते जळत नाहीत. किंमतही कमी. राळेत मुरवलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड लवकरच जगभरच्या ब्रेकमध्ये बसलं.

याच काळात डिस्क ब्रेकही जन्माला आला होता. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तांब्याचे पॅड, अशी त्याची रचना होती. धातूवर धातू घासून ती इतकी किंचाळायची की लोकांना नकोशी झाली. फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने ती बरीच शांत झाली, तरी पुढची चाळीसेक वर्षं राज्य केलं ते चाकाच्या पोकळ ड्रमला आतून अस्तर घासणाऱ्या ड्रम ब्रेकनेच. डिस्क मोठ्या प्रमाणावर परतली ती विमानांच्या चाकांतून. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मानची २४ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा मोटार कारखानदारांचे डोळे उघडले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांना लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येत होता, तोही फेरीमागून फेरी, ब्रेक ढिले न पडता.

पण अस्तराची झीज कुठे जाते? हा प्रश्न कारखान्यांच्या दारात केव्हाच येऊन उभा होता. १९२४ मध्ये रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत सूत कातणारी नेली केर्शॉ ही कामगार बाई वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत डॉक्टर विल्यम कूक यांना अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले, आणि तिचा आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. १९३० च्या सरकारी अहवालासाठी अ‍ॅस्बेस्टॉस कापडाच्या उद्योगातले ३६३ कामगार तपासले. त्यांतल्या चौथाईहून जास्त जणांची फुप्फुसं घट्ट, निबर होत चालली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये धुळीचे नियम झाले. ते मुख्यतः गिरणीतल्या काही कामांपुरते होते. ब्रेकच्या ड्रममधली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवून देणारा गॅरेजमधला मेकॅनिक त्यांच्या बाहेरच राहिला, आणि जगभरातल्या गॅरेजांत ही पद्धत अनेक दशकं चालू होती.

फेरोडो १९२० च्या दशकात टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटनच्या बड्या अ‍ॅस्बेस्टॉस समूहात गेली. त्याच समूहाचं बोट धरून हा धंदा मुंबईला आला. हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना घाटकोपरला होता. तिथे ब्रेक लायनर आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड तयार होत असे. पुढे कंपनीचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग वीस-तीस वर्षं दबा धरून बसतो, त्यामुळे कामगाराला धाप लागू लागते तेव्हा बऱ्याचदा तो निवृत्तीला टेकलेला असतो, आणि दम्याचं किंवा क्षयाचं औषध घेत असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदी चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं जपून ठेवायला सांगितलं. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष छापले, त्यांतही या रोगाचं प्रमाण चिंता वाटावी असंच होतं. ब्रेकचा इतिहास सांगताना बर्था बेंझ आणि जॅग्वार हमखास येतात, ही माणसं येत नाहीत. ती यायला हवीत.

ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५ पर्यंत सर्वत्र लागू झाली, अमेरिकेने मात्र तिथे वापरात उरलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. भारतात पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस आजही आयात होतं, मुख्यतः छपरांच्या सिमेंटी पत्र्यांसाठी.

या माघारीतूनच आजचा रेझिन पॅड घडला. ब्रेक बनवणाऱ्यांना एका तंतूची जागा अनेक पदार्थांनी भरून काढावी लागली. केव्हलरसारखे अ‍ॅरामिड तंतू, काचेचे आणि खनिजांचे तंतू, रबराची भुकटी, ग्रॅफाइट, थोडी धातूची पूड, आणि हे सगळं धरून ठेवायला फिनॉलिक राळ. प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं, आणि ते गुपित राखलेलं. डिस्कवर दाबताच हा पॅड थंड असतानाही मऊपणे आणि आवाज न करता धरतो, तो या राळेच्या आणि रबराच्या गुणाने. तीच राळ फार तापली की तिचं विघटन होतं, तिच्यातून वायू सुटतात आणि पकड सैल होते.

डोंगरी सायकलला ही उष्णता पहिल्यापासून भोवली. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून खाली येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही पोरांनी पहिली उतार-शर्यत घेतली. सायकली १९३०-४० च्या, जाड टायरांच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं फिरवलं की लागणारा. रस्ता साधारण साडेतीन किलोमीटरचा आणि उतार चारशे मीटरचा. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले, तर एवढं खाली येताना साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर साधं पाणी उकळीपर्यंत तापवायला ती पुरेल. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वजा करून उरलेली ऊर्जा मुठीएवढ्या हबमध्ये शिरायची. आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं, आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या रस्त्याला ‘रीपॅक’ म्हणू लागले. चार्ली केली शर्यती भरवायचे. गॅरी फिशर यांनी तो उतार चार मिनिटं बावीस सेकंदांत पार केला, आणि तो विक्रम राहिला. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये याच खेळासाठी खास सांगाडा बनवला. आधुनिक डोंगरी सायकलचा धंदा या माणसांपासून सुरू झाला.

हबमधला ब्रेक सोडून त्यांनी मोटरसायकलचे लिव्हर लावले, काहींनी ड्रम ब्रेक बसवले, मग रिमवर दाबणारे कँटिलिव्हर आले. १९९६ मध्ये शिमानोच्या व्ही-ब्रेकने रिमब्रेकची ताकद कळसाला नेली. त्याची अडचण ताकदीत नव्हतीच. रिम चिखलात बुडते, आणि वाळूमिश्रित चिखल रबराला चिकटला की दर दाबागणिक रिमच कापली जाते. डिस्क जमिनीपासून वर, हबजवळ असते, आणि तिला भोकं असल्याने पाणी व माती लवकर झटकली जाते.

१९९१ च्या माउंटन सायकल ‘सॅन अँड्रियास’वर तेलाच्या दाबाचे डिस्क ब्रेक होते. इंग्लंडच्या बार्नोल्ड्सविकमध्ये रोल्स-रॉइसमधून आलेल्या दोन अभियंत्यांनी सुरू केलेली ‘होप’, जर्मनीची मागुरा, अमेरिकेची हेज यांनी दशक संपेपर्यंत डिस्कला शर्यतींत मानाची जागा मिळवून दिली. सायकलच्या कारखानदारांना पॅडचा पदार्थ नव्याने शोधावा लागला नाही. मोटारींचा रेझिन तयार होता, आणि मोटरसायकलींचा सिंटर्डही, म्हणजे दुकानदार ज्याला मेटल म्हणतो तो.

सिंटर्ड पॅडची गोष्ट पावसाची आहे. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य चालकापर्यंत नेला. पण त्या काळच्या जपानी मोटरसायकलींच्या न गंजणाऱ्या पोलादी डिस्क ओल्या झाल्या की पॅड क्षणभर नुसतेच सरकायचे, आणि तो क्षण जिवावर बेतणारा असे. १९८० च्या दशकात यावर उपाय म्हणून सिंटर्ड पॅड पसरले. तांबं, कथील, लोखंड यांची भुकटी ग्रॅफाइटबरोबर दाबून, वितळू न देता भट्टीत एकजीव करतात. त्यात जळायला राळ नसते. ओल्या डिस्कवर तो धरतो, चिखलात सावकाश झिजतो, लांब उतारावर दम सोडत नाही. त्याबदल्यात आवाज करतो, नीट धरायला आधी तापावा लागतो, उष्णता पिस्टनकडे आणि तेलाकडे जास्त पाठवतो, आणि डिस्कही अधिक खातो. म्हणूनच शिमानोच्या काही स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. त्या डिस्कचं पोलाद मऊ असतं, आणि धातूचा पॅड ते पाहता पाहता खरवडून काढतो. पॅड घेण्याआधी हा मजकूर वाचणारे ग्राहक फार थोडे.

धातूच्या पॅडच्या झिजेचीही चौकशी एव्हाना सुरू झाली होती. मरीन परगणा ज्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराला लागून आहे, त्याच्या पाण्यात तांबं का वाढतंय हे शोधताना संशोधकांचं बोट मोटारींच्या ब्रेककडे गेलं. रस्त्यावर पडलेली भुकटी पावसाबरोबर ओढ्यांत जाते. पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी सामन माशांच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती मारतं, आणि शत्रूची चाहूल त्यांना वासानेच लागते. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या दोन्ही राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. त्यांनुसार मोटारींच्या ब्रेकमधलं तांबं २०२१ पासून पाच टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत आणायचं होतं. हे कायदे मोटारवाहनांसाठी आहेत. सायकलचा पॅड त्यांत येत नाही, आणि सिंटर्ड पॅडमध्ये तांबं आजही भरपूर सापडतं.

तेव्हा दुकानदाराला उत्तर देताना आधी कॅलिपरचा, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागाचा, नमुना पाहावा, कारण पॅडचा आकार प्रत्येक कंपनीचा आणि मॉडेलचा वेगळा असतो. मग डिस्कवरचा मजकूर. मग आपण कुठे चालवतो ते. कोरड्या दिवसांत टेकडीवर तासभर फिरणाऱ्याला रेझिन पुरतो, आणि पुरत असेल तर तोच घ्यावा. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टच्या लाल चिखलात रेझिन झपाट्याने संपतो; तिथे सिंटर्डला पर्याय नाही. नवा पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून वीस-तीस वेळा हळूहळू ब्रेक दाबून तो डिस्कवर मुरवावा लागतो. त्याच्या पदार्थाचा पातळ थर डिस्कवर बसला की मगच पूर्ण पकड येते. थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा, तेलाचा हात लागला तरी बदलायचाच. आणि कॅलिपरमध्ये साचलेली काळी भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या झोताने न उडवता ओलसर फडक्याने पुसायची. आता त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नसलं, तरी बारीक तंतू आणि धातू असतातच.