मायएसक्यूएलच्या दोन प्रती: 'स्टँडर्ड' आणि 'मॅक्स'

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर उतरवून घेणाऱ्याला दोन प्रतींतून एक निवडावी लागे. एक साधी, जिला पुढे 'स्टँडर्ड' म्हटले जाऊ लागले, दुसरी 'मॅक्स'. दोन्हींचा मूळ कोड आणि आवृत्तिक्रमांक एकच असे. फरक पडे तो कंपाइल करताना कोणती स्टोरेज इंजिने, म्हणजे टेबलांतली माहिती प्रत्यक्ष साठवणारे भाग, आत घेतली यामुळे.

या फाट्याचे मूळ मायएसक्यूएलच्या घडणीत आहे. मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन यांनी स्वीडनमध्ये १९९५ साली मायएसक्यूएलची कंपनी सुरू केली, तेव्हा भर वेगावर होता. आयसॅम आणि पुढे त्याच्या जागी आलेले मायआयसॅम ही त्याची मुख्य इंजिने वाचनाला चपळ होती, पण त्यांत ट्रान्झॅक्शनची सोय नव्हती आणि लिहिताना सगळे टेबल लॉक होई. वेबसाइटचा मजकूर ठेवायला एवढे पुरत असे. पैशाच्या नोंदींना मात्र ते मुळीच पुरेसे नव्हते: एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर अर्धवट नोंद मागे घेण्याचा मार्गच नसे.

ही उणीव ३.२३ या आवृत्तीत भरली गेली. आधी बर्कली डीबी आणि मग २००१ मध्ये फिनलंडच्या हेइकी टूरी यांचे इनोडीबी, अशी ट्रान्झॅक्शन सांभाळणारी दोन इंजिने आली. ती नवी होती, मायआयसॅमइतकी वापरून पारखलेली नव्हती, म्हणून त्यांना मॅक्समध्ये जागा मिळाली. बहुतेकांनी साधी प्रतच घ्यावी, असा निर्मात्यांचा सल्ला असे. आरपीएम पॅकेजे वापरणाऱ्या लिनक्सवर तर आधी साधा सर्व्हर बसवायचा आणि त्यावर मॅक्सचे पॅकेज चढवायचे, अशी रीत होती. सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट मॅक्सची फाइल सापडली की तीच चालवी.

निवड चुकली तरी ते कळत नसे, हा या व्यवस्थेतला सर्वांत गंभीर दोष होता. साध्या प्रतीवर कोणी इनोडीबीचे टेबल मागितले, तर सर्व्हर नकार देत नसे. निमूटपणे मायआयसॅमचे टेबल बनवून देई. फॉरेन कीचे, म्हणजे टेबलांमधले दुवे जपणारे, नियमही वाचून सोडून दिले जात. आपली माहिती सुरक्षित आहे असे समजून काम चाले आणि रोलबॅकची, म्हणजे नोंदी मागे घेण्याची, वेळ आल्यावर खरे उघड होई. नुसते मॅक्स घेऊनही भागत नसे. ३.२३ मध्ये इनोडीबीच्या डेटा फाइलींची जागा आणि आकार कॉन्फिगरेशनमध्ये लिहिला नाही, तर ते इंजिन बंदच राही. म्हणून जाणते प्रशासक आधी 'हॅव्ह_इनोडीबी' या व्हेरिएबलचे मूल्य तपासत: 'येस', 'नो' की 'डिसेबल्ड'.

२००३ मध्ये स्थिर झालेल्या ४.० आवृत्तीत इनोडीबी साध्या प्रतीत आले आणि निवडीतला मुख्य प्रश्न मिटला. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता. मॅक्समध्ये मग मुख्यतः बर्कली डीबी आणि, ४.१ पासून, अनेक यंत्रांवर डेटा पसरवणारे एनडीबी क्लस्टर हे एरिक्सनमध्ये जन्मलेले इंजिन उरले. पैसे मोजून परवाना घेणाऱ्यांसाठी 'क्लासिक' आणि 'प्रो' असा वेगळा भेद होता. इनोडीबी 'प्रो'मध्ये मिळे.

पुढच्या उलथापालथीला कंपन्यांच्या खरेदीचा संदर्भ होता. ओरॅकलने ऑक्टोबर २००५ मध्ये टूरी यांची इनोबेस ही कंपनी घेतली आणि काही महिन्यांतच बर्कली डीबीची स्लीपीकॅटही. मायएसक्यूएलची ट्रान्झॅक्शनची दोन्ही इंजिने अशी प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली. ५.१ मध्ये बर्कली डीबी वगळले गेले आणि २००८ मध्ये ती आवृत्ती स्थिर म्हणून बाहेर पडली, तोवर मॅक्स ही वेगळी प्रत इतिहासजमा झाली होती. मायएसक्यूएल तोवर सन मायक्रोसिस्टिम्सच्या मालकीचे झाले होते, आणि २०१० मध्ये त्या कंपनीबरोबर तेही ओरॅकलकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ५.५ मध्ये इनोडीबी हे न सांगता मिळणारे, डीफॉल्ट इंजिन ठरले. मागितलेले इंजिन नसेल तर टेबल न बनवता चूक दाखवण्याची सोय ५.० मध्ये आली होती, ती ५.६ पासून आपोआप चालू राहू लागली.